साडेतीनशे आणि कातळवाडीला दिलेला शब्द

८ मे ९४, रविवार. बेलवली

मुळगावच्या पुढच्या चढावर गाडी जाम झाली. आधी टणटण असा बारीक आवाज, मग कोणीतरी मागून ओढल्यासारखी ओढ, मग मागचं चाक घासत थांबलं. क्लच वेळेवर दाबला म्हणून पडलो नाही. किक खाली जाईना. सिलिंडरवर थुंकून पाहिलं, थेंब नाचत उडाला.

वीटभट्टीच्या ट्रकमध्ये घालून परत आणली. कातळवाडीची अंधश्रद्धेविरुद्धची सभा राहिली. लोक जमले असतील, वाट पाहून उठले असतील. तिथला मांत्रिक, लहानू भगत, लांबून बघून हसला असेल.

कारण माहीत आहे. उद्या बाबू मिस्त्रीला सांगताना कसं सांगायचं, याचा विचार करतोय.

९ मे

सांगितलं. बाबू इतका हसला की पाना हातातून पडला.

झालं ते असं. आमच्या साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलला मुळात तेलाचा वेगळा पंप होता. आधीच्या मालकाने तो काढून टाकला. तेव्हापासून दर वेळी पेट्रोलमध्ये हाताने तेल मिसळावं लागतं. टू-स्ट्रोक इंजिनाला दुसरीकडून तेल नाही. काल पंपावर पेट्रोल भरताना मशीनला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. मी विचारलं, पेट्रोल पेटू नये म्हणून लिंबू, की वाळूच्या बादल्या? तिथून सुरू झालो. रिक्षावाले जमले, टेम्पोवाला उतरून आला. कार्यकारणभाव, नजर, भीतीचा बाजार, सगळं झालं. टाळ्या पडल्या. तेल राहिलं.

बाबू म्हणाला, "भाऊ, लिंबाने बदला घेतला."

मी म्हणालो, "माझ्या जिभेने घेतला."

"एकच की ते."

दोन्ही हेड उघडली. उजव्या पिस्टनवर ओरखडे, डावा तर वितळून रिंगांना चिकटलेला. रिबोअर, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठे करणं, आणि नवे पिस्टन. कंपनीने ही गाडी बनवणं बंद केलंय, म्हणजे सुटे भाग शोधत फिरणं आलं.

बाबू बुवापाड्याच्या नाक्यावर बसतो. गॅरेजात दत्ताचा फोटो, त्याला रोज उदबत्ती. बारा वर्षं आमचा वाद चालू आहे. बोलण्यात मला टक्कर देणारा अंबरनाथमधला हा एकटा.

११ मे

निर्मला जेवताना म्हणाली, "अहो, आवणी कधी सुरू होते?"

भाताची लावणी कधी लागते ते तिला माहीत असतं. मला आठवण करून द्यायची होती.

गेल्या पावसाळ्यात कातळवाडीच्या धवळूला शेतात नाग चावला. त्याला लहानू भगताच्या ओट्यावर ठेवलं. मंत्र, पाला, कोंबडी. माणूस तिथेच गेला. तेराव्या दिवशी मी त्याच वाडीत सभा घेतली आणि भर सभेत लहानूला खुनी म्हणालो. आणि वर शब्द दिला: साप चावला की आधी मला निरोप पाठवा. रस्त्यावरच्या दूध डेअरीत फोन आहे. मी माझ्या गाडीवर उल्हासनगरच्या मोठ्या इस्पितळात पोचवीन. तिथे लस असते.

त्या रस्त्याला संध्याकाळनंतर एसटी नाही. जीप आहे ती लग्नाच्या भाड्याला. साडेतीनशेइतक्या वेगाने त्या चढावर काहीच जात नाही. म्हणून तर तसा शब्द देता आला.

शब्द माणसाने दिला, पाळायचा इंजिनाने.

१४ मे, शनिवार

उल्हासनगर, कॅम्प तीन. लच्छूशेठचं स्पेअर पार्टचं दुकान. छताला लटकलेल्या चेन, मधून त्याचं डोकं.

"साईं, आओ. कोनाला शिव्या घालून आले आज?"

पिस्टनचा जोड काढून दिला. डबा नवा, कागद नवा, शिक्का जरा जास्तच नवा. मी म्हणालो, "हे ओरिजिनल नाही."

"साईं, ओरिजिनल तो बंद हो गया. ये चालू है."

येताना सगळ्या रस्त्याने याचं उत्तर शोधत होतो.

पहिला ओव्हरसाइझ घेतला, मूळ मापाहून एक नंबर मोठा. त्याच्याच ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सिलिंडर बोअरला टाकले.

१७ मे

कारखान्यात दुपारच्या सुट्टीत वर्कशॉपच्या मायक्रोमीटरवर पिस्टन मोजले. दोन्ही सारखे म्हणून विकलेले, पण डावा जाड. बोअर झालेल्या सिलिंडरमध्ये उजव्याला पाच शतांश मिलिमीटरची जागा मिळते, तशी पाहिजेच. डाव्याला जेमतेम साडेतीन. तापल्यावर पिस्टन फुगणार, मग जागाच नाही.

बोअरवाल्याकडे परत गेलो. म्हणाला, पुढच्या पंधरवड्यात बघू, घाई नको. इथे आवणी येतेय. बाबू म्हणाला, "रनिंगमध्ये सुटेल. पाचशे किलोमीटर हळू काढा, आपोआप जागा करेल." मला पटलं नाही, पण मानलं. अशा वेळी माणूस पटण्याची वाट बघत नाही. (हेच वाक्य भगताकडे जाणारा प्रत्येक जण म्हणतो. लिहून ठेवतोय.)

२२ मे, रविवार

आज जोडणी. पिस्टनवरचा बाण पुढे, सायलेन्सरकडे. रिंगांची फट बरोबर खिळीवर. टायमिंगला बाबूची पद्धत: सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा, चाक हळूहळू फिरवायचं, कागद सुटला की त्या क्षणी ठिणगी. माझ्या पुस्तकात त्याला पिस्टनची जागा मोजायचं घड्याळ लागतं. मग घड्याळ लावून तपासलं. उजवा बरोबर, डावा चुकलेला.

"कागद चुकला," बाबू म्हणाला.

"दत्त चुकला म्हण ना."

"दत्त कागद धरत नाही भाऊ. तो किक मारतो."

तिसऱ्या किकेला सुरू झाली. निळा धूर, पूर्ण गल्ली खोकली. आवाज ऐकून निर्मला बाहेर आली. बाबूने तिला रनिंगचे नियम सांगितले: पन्नासच्या वर नाही, डबलसीट नाही, चढावर जोर नाही. "वहिनी, पाचशे किलोमीटर नव्या नवरीसारखी वागवायची."

नि. म्हणाली, "नव्या नवरीला पहिल्याच दिवशी पाण्याचे हंडे भरायला लावतात, बाबूभाऊ."

बाबू पाने गोळा करायला लागला.

२९ मे, रविवार

कातळवाडीला गेलो. सायकलवाले मागे टाकतील इतक्या हळू. मागे राहिलेली सभा घेतली. गाडी का बंद पडली तेही सांगितलं, हसले. हसले ते बरं झालं, नंतर ऐकलं.

लहानू भगत सभेला येत नाही, पण ऐकू येईल अशा अंतरावर चिंचेखाली बसतो. काळा, हाडकुळा, डोक्याला लाल फडकं. निघताना त्याने हाक मारली. खुनी म्हणाल्यानंतरचं आमचं पहिलंच बोलणं.

"भाषणवाले सायेब. फटफटी मेली व्हती म्हनं."

"आजारी होती."

"मंग इकडं आनायची. उतारा टाकला असता." आसपासचे हसले.

मी म्हणालो, "पिस्टनला नारळ चालतो का?"

"नारल सगल्यांना चालतो," तो म्हणाला. "खानार आमीच."

चांगला बोलतो. हा माणूस व्यासपीठावर आला असता तर? असो.

५ जून

टाकीच्या झाकणाला तेलाचं माप दोरीने बांधलं. आता ते हातात घेतल्याशिवाय झाकण उघडत नाही. आधी तेल, मग पेट्रोल, मग हवं तर भाषण. रनिंगपुरतं तेल जास्त. धूर होतो. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, डास गेले.

१९ जून

प्लग काढून पाहिले. उजवा चहासारखा तपकिरी, हवा तसा. डावा फिकट. म्हणजे तापतोय. कार्बोरेटरचं जेट एक नंबर मोठं टाकलं. तीनशेच्या थोडं वर किलोमीटर झाले असतील. काट्यावर भरवसा नाही.

वाड्यांमध्ये पेरे, म्हणजे भाताची रोपं, वर आलेत. आवणीला आठवडा उरला.

२५ जून

आमच्या मंडळाची बैठक, मोहित्यांच्या घरी. मोहिते आमचे चिटणीस, माझ्यापेक्षा धाकटे, माझ्यापेक्षा कडक. म्हणाले, "भगतांशी गप्पा मारता म्हणे तुम्ही आता." मी म्हणालो, तो बोलला, मी उत्तर दिलं. "उत्तर देणं म्हणजे मान देणं." मीच पूर्वी भाषणात वापरलेलं वाक्य मला परत दिलं त्यांनी.

४ जुलै, सोमवार

काल लिहिता आलं नाही. घरी यायला खूप रात्र झाली.

काल दुपारी जोशीकाकू धावत आल्या. फोन. डेअरीवाला बोलत होता: "आवणी करताना बाईला चावलाय. लहानू भगताची सून, भागी. भगत स्वतः इथे उभा आहे. म्हणतो, भाषणवाल्याला बोलवा."

मी दोनदा विचारलं, कोणाची सून?

नियम सगळे मोडले. पन्नास कसले. डेअरीपर्यंत गाडी छान गेली. भागीला झोळीतून रस्त्यावर आणलं होतं. पायावर दोन टोचे, सूज. बोलत होती, पण पापण्या जड. दारू प्यायल्यासारखं बोलणं. नागच.

एकटी बसू शकणार नव्हती. कोणीतरी मागून धरायला हवं. तिचा नवरा भिवंडीला कामावर. कोणी काही बोलायच्या आत लहानू मागच्या फूटरेस्टवर पाय देऊन चढला. मध्ये भागी, मागे तो, आम्हा तिघांभोवती तिच्या लुगड्याचा पदर बांधला.

तीन माणसं. रनिंग न झालेलं इंजिन. डावीकडे दीड शतांशाची उणीव.

आणि निघताक्षणी माझ्या कानामागे मंत्र सुरू झाला. फुंकर मारत, अखंड. सांगू का, मी ओरडलो, "बंद करा ते!" त्याने केलं नाही. वाऱ्यात ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल.

उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडला नाही. पेट्रोल बंद तर तेलही बंद, ही या इंजिनाची रीत. मुळगावपासून डाव्या बाजूने ती बारीक टणटण. मला माहीत होतं ती काय म्हणते. तरी वेग सोडला नाही. भागीचं डोकं माझ्या पाठीवर पडलं होतं, तिचा श्वास शर्टातून कळत होता. मंत्र थांबला असता तर मला वाटलं असतं ती गेली. म्हणून मीही ऐकत होतो. हे लिहिलं पाहिजे.

बेलवलीचं फाटक बंद. मालगाडी. गाडी न्यूट्रलला आणली आणि इंजिन स्वतःहून मेलं. किक मारली, पाय दगडावर पडल्यासारखा. जाम.

दोन्ही बाजूंना माणसं, सायकली, एक बैलगाडी. मालगाडीला डबे संपेनात. लहानूने एका हाताने सुनेला धरलं, दुसरा हात टाकीवर ठेवला आणि इंजिनाकडे वाकून मंत्र म्हणू लागला. फुंकर सिलिंडरवर.

मी काय बोललो असतो एरवी! त्या जागी शंभर माणसं होती. तोंड उघडलं नाही.

फाटक उघडलं. किक मारली. पाय खाली गेला. दुसऱ्या किकेला सुरू.

उल्हासनगरपर्यंत हळू नेली. इस्पितळात लस लगेच सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर श्वास थांबला असता. वेळेवर आणलंत."

लहानू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

६ जुलै

भागी वाचली. काल डोळे पूर्ण उघडले, पेज मागितली.

मी मनाशी स्पष्ट मांडून ठेवतो. पिस्टन तापून फुगला, सिलिंडरला धरला. फाटक बंद होतं तेवढ्यात इंजिन निवलं, पिस्टन आकसला, सुटला. फाटक उघडं असतं तर मी ताणतच नेली असती आणि बदलापूरच्या पुढे ती कायमची जाम झाली असती, जिथे मागेपुढे काहीच नाही अशा रस्त्यावर. म्हणजे वाचवलं मालगाडीने. मालगाडी कोणाच्या मंत्राने येत नाही, वेळापत्रकाने येते. हे सगळं खरं आहे.

वाडीत काय पसरलंय ते डेअरीवाल्याने सांगितलं: भगताने सुनेचं इख उतरवलं आणि बंद पडलेली फटफटीही चालू केली.

१० जुलै, रविवार

बाबूने हेड उघडलं. डाव्या पिस्टनवर दोन लांब ओरखडे, पण रिंग सुटी आहे. पिस्टन बारीक पॉलिश पेपरने साफ केला, सिलिंडर आतून हलका घासला. आता मोजलं तर पाच शतांश. त्या दिवशी स्वतःची जागा स्वतःच करून घेतली.

"बघा, सुटली की नाही रनिंगमध्ये?" बाबू खूश. मग गंभीर होऊन, "भाऊ, तो मंत्र मिळेल का लिहून? गिऱ्हाइकं खूप आहेत."

दुपारी मोहिते आले. त्यांच्या कानावर गेलंय. "तुम्ही भगताला मागे बसवलंत?"

"बाईला धरायला कोणी तरी हवं होतं."

"आणि तो फाटकावर इंजिनावर मंत्र म्हणत होता, तुम्ही गप्प होतात."

"किक मारत होतो."

त्यांचं म्हणणं, येत्या सभेत मी उभं राहून स्पष्ट सांगावं: लसीने वाचली, मंत्राने नाही. मी म्हणालो, सांगणारच. ते तर मी झोपेतही सांगेन.

१७ जुलै, रविवार

लहानू घरी आला. वाडीहून चालत. फडक्यात कुरडूची भाजी आणि दोन काकड्या. नि.ने चहा दिला, तो ओट्यावरच बसला, आत आला नाही.

चहा संपवला. मग गाडीकडे बघत, "बरी हाय?"

"बरी आहे."

"सायेब, एक बोलू? मी वाडीवाडीत सांगतो. आवणीत कोनाला चावला तर माझ्या ओट्यावर आनू नका, आधी डेरीवर न्या, फोन लावा. माझा ऐकतील. तुमचा भाषान ऐकतात, पन रातीला माझ्याकडंच येतात."

मी सरळ बसलो. सात वर्षांत माझ्या कुठल्याही भाषणाने न झालेलं काम.

"पन मी मागं बसनार," तो म्हणाला. "माझा मंत्र चालू र्‍हानार. मी बसलो तर ते येतील."

मी विचारलं, "लहानू, खरं सांगा. मंत्राने विष उतरतं?"

त्याने काकडी उचलली, परत ठेवली. "धवळू गेला तवा मी बी झोपलो नाय, सायेब. तुमी मला काय म्हनला तां बी आयकला." मग, "भागीला धरून बसलो व्हतो ना, तवा मंत्र नसता तर मी खाली पडलो असतो."

उत्तर नव्हतं ते. किंवा होतं.

तो गेल्यावर नि. म्हणाली, "काय सांगणार त्याला?"

मी म्हणालो, तो मागे बसला की लोक म्हणणार मंत्रानेच बरं झालं. मग एखाद्या दिवशी गाडी नसेल, मी कारखान्यात असेन, तेव्हा नुसत्या मंत्रावर बसतील. अर्धं खोटं पूर्ण खोट्यापेक्षा जास्त दिवस टिकतं.

"आणि तो मागे बसला नाही तर?"

"तर..."

तिने भाजी निवडायला घेतली. कुरडू कोवळा होता.

२० जुलै

मोहित्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे वाईट लक्षण. म्हणाले, "भगताला आपल्या गाडीवर बसवायचं असेल तर मंडळाचं नाव लावून सभा घेऊ नका. आपण इतकी वर्षं काय सांगत आलो?"

बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असतो तर यापेक्षा कडक बोललो असतो. ते शिकले ते माझ्याकडूनच.

पण धवळू तर सगळं ऐकून होता. धवळू माझ्या दोन सभांना आला होता. पहिल्या रांगेत बसायचा. मान डोलवायचा. चावल्यावर स्वतःच्या पायाने ओट्यावर चालत गेला.

२३ जुलै, शनिवार

उद्या कातळवाडीला सभा. लहानू चिंचेखाली असेल आणि उत्तराची वाट पाहील. मोहितेही येणार आहेत, मागे उभे राहून ऐकायला.

संध्याकाळी गाडी पाहिली. प्लग दोन्ही तपकिरी, आता सारखे. चेन ताणली, तेल दिलं. क्लचची केबल बदलली. टाकी भरून आणली, पंपावर नवीन लिंबू होतं, माप हातात होतं. आधी तेल ओतलं.

मागचा डावा फूटरेस्ट त्या दिवसापासून खाली झुकलाय. लहानूने सगळा भार त्याच्यावर टाकला होता. बोल्ट वाकलेला निघाला. लच्छूशेठकडून आणलेला जाड बोल्ट बसवला. मग उजवीकडचाही बदलला, तो चांगला होता तरी. दोन्हींवर उभं राहून जोर देऊन पाहिलं.

नि. दारात उभी होती. "कोणाला बसायचंय?" असं नाही विचारलं. दिवा जरा पुढे धरला.

भाषणाचा कागद समोर आहे. वर तारीख लिहिली आहे, खाली काही नाही.